‘रेकॉर्ड साफ करा’ म्हणणारा व्हिडिओ करण्यापूर्वी

वाचकांचे प्रश्न : कायदा आणि नागरिक

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. जुन्या पोलीस केसचा डाग पुसता येतो का, आणि त्याविषयी सर्वसामान्यांना समजेल असे मराठी व्हिडिओ कसे करावेत, हा तो विषय. काहींना असे व्हिडिओ करायचे आहेत, तर काहींनी असे व्हिडिओ पाहून नुकसान करून घेतले आहे. म्हणून या अंकातील सर्व जागा याच पत्रांना दिली आहे.

प्रश्न : मी सोलापूर येथे समाजकार्य हा विषय शिकवते. आमचे विद्यार्थी वस्त्यांमध्ये काम करतात, तेव्हा जुन्या केसमुळे नोकरी हुकलेले अनेक तरुण त्यांना भेटतात. अमेरिकेत गुन्ह्याची नोंद पुसून घेण्याविषयी साध्या भाषेतले उत्तम व्हिडिओ उपलब्ध आहेत. तशीच मालिका मराठीत करावी असे आम्हाला वाटते. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आपला हेतू अत्यंत आवश्यक आहे, परंतु सुरुवात अमेरिकेच्या नमुन्यावरून करू नये. तेथील अनेक राज्यांत ठरावीक प्रकारच्या नोंदी ठरावीक काळानंतर बंद किंवा नष्ट करण्यासाठी स्वतंत्र कायदे आहेत. पेनसिल्व्हेनिया राज्याने २०१८ मध्ये असा कायदा केला आणि २०१९ पासून तेथे काही किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी अर्ज न करताही आपोआप बंद होऊ लागल्या. ब्रिटनमध्ये १९७४ पासून असलेल्या कायद्यानुसार बऱ्याच शिक्षा ठरावीक वर्षांनंतर ‘संपलेल्या’ मानल्या जातात आणि बहुतेक नोकऱ्यांच्या अर्जात त्या सांगाव्या लागत नाहीत. भारतात प्रौढ व्यक्तीसाठी असा एकही सर्वसाधारण कायदा नाही. आपल्याकडे एका अर्जाने सगळी नोंद पुसून टाकणारे न्यायालय नाही आणि तसा विहित नमुनाही नाही. त्यामुळे मालिकेला ‘रेकॉर्ड साफ कसे करावे’ असे नाव दिले, तर पहिल्याच पाटीवर आपण चुकीचे आश्वासन दिलेले असेल.

मग सांगण्यासारखे काय उरते? पुष्कळ उरते, आणि ते फार उपयोगाचे आहे. आपला प्रेक्षक बहुधा उद्या-परवा एखादा अर्ज भरणार आहे: पोलीस भरतीचा, पासपोर्टचा, सुरक्षारक्षकाच्या नोकरीचा किंवा कंत्राटी वाहनचालकाच्या कामाचा. त्या अर्जातल्या एका विशिष्ट रकान्यापाशी तो अडला आहे. त्याची केस नेमकी कोणत्या टप्प्यावर संपली, किंवा संपलीच नाही, हे त्याला बहुतेक वेळा ठाऊक नसते. ‘मिटली होती’ एवढेच तो सांगतो. पहिला व्हिडिओ याच प्रश्नावर असावा, आणि त्यात उपायांची घाई करू नये.

पोलीस ठाण्यात नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद झाली होती, की एफआयआर दाखल झाला होता, हे आधी पाहावे. चॅप्टर केस असेल तर ती शांतताभंग टाळण्यासाठी किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीसाठी केलेली प्रतिबंधक कारवाई असते. ती दोषसिद्धी नव्हे. तरीही चारित्र्य पडताळणीच्या वेळी पोलिसांच्या अहवालात तिचा उल्लेख येऊ शकतो. एफआयआर असेल तर पोलिसांनी तपासानंतर दोषारोपपत्र पाठवले, की समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याची मंजुरी, मागितली? महाराष्ट्रात ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा घडला पण आरोपीचा शोध लागला नाही, ‘ब’ समरी म्हणजे तक्रार खोटी व हेतुपुरस्सर केलेली, आणि ‘क’ समरी म्हणजे गैरसमजातून आलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. समरीचा अहवाल पोलिसांनी पाठवला एवढ्याने काम संपत नाही. दंडाधिकाऱ्यांनी तो मंजूर केल्याचा आदेश हाती असावा लागतो. हा आदेश अनेकांनी कधीच घेतलेला नसतो, आणि पुढे दहा वर्षांनी तोच कागद हवा असतो.

प्रकरण न्यायालयात गेले असेल तर ते संपण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचा परिणाम वेगळा आहे. दोषारोप ठेवण्यापुरताही पुरावा नाही म्हणून न्यायालय आरोपीला सोडून देते, म्हणजे दोषमुक्त करते, ती एक गोष्ट. साक्षीपुरावा होऊन निर्दोष मुक्तता होते, ती दुसरी. तडजोडीस पात्र असलेला गुन्हा उभय पक्षांनी आपसात मिटवला, तर कायद्याने त्याचा परिणाम निर्दोष मुक्ततेसारखाच असतो. सरकारने खटला मागे घेण्याचे ठरवले, तर मंत्रिमंडळाचा निर्णय किंवा शासननिर्णय पुरेसा नसतो. सरकारी वकिलांना न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाची परवानगी मिळावी लागते. आंदोलनांतील केसेस मागे घेतल्याची बातमी वर्तमानपत्रात वाचून निश्चिंत झालेले आणि पुढे अचानक वॉरंट हाती पडलेले कार्यकर्ते मी पाहिले आहेत. या एका मुद्द्यावर स्वतंत्र व्हिडिओ करावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

उच्च न्यायालयाकडून एफआयआर रद्द करून घेणे हा प्रौढांसाठीचा सर्वांत ठोस उपाय. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ खाली मागितला जात असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्यामुळे आता कलम ५२८ सांगावे लागते. तक्रार वाचूनच गुन्हा होत नाही असे दिसत असेल, किंवा वाद मुळात खासगी असून तो खरोखर मिटला असेल, तर न्यायालय हा अधिकार वापरते. मात्र खून, बलात्कार, दरोडा यांसारख्या गंभीर गुन्ह्यांत पक्षकारांत समेट झाला म्हणून एफआयआर रद्द होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे. व्हिडिओत जुने आणि नवे अशी दोन्ही कलमे पडद्यावर द्या, कारण प्रेक्षकाच्या हातातील कागदावर बहुधा जुनेच कलम छापलेले असेल. व्हिडिओ कोणत्या महिन्यात तयार केला, तेही ठळक लिहा.

दोषी ठरल्यानंतरचा मार्ग अरुंद आहे, आणि तो अरुंद आहे असेच सांगावे. अपील हा मुख्य उपाय. त्याखेरीज १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम आहे, ज्याविषयी आपल्याकडे आश्चर्यकारक अज्ञान आहे. न्यायालय दोषी ठरवलेल्या व्यक्तीला तुरुंगात न पाठवता समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते, आणि या कायद्याच्या कलम १२ नुसार अशा दोषसिद्धीमुळे येणारी कायदेशीर अपात्रता त्या व्यक्तीला लागू होत नाही. म्हणजे दोषसिद्धी पुसली गेली असे मात्र नाही. तिच्या मुळाशी असलेल्या वर्तनावरून सरकारी सेवेत विभागीय कारवाई होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. हा फरक तीन-चार मिनिटांत समजावणे कठीण आहे, पण तो गाळला तर प्रेक्षकाला अर्धेच सत्य मिळेल, म्हणून या भागाला थोडा जास्त वेळ द्यावा. परिवीक्षेची, म्हणजे अशा सुटकेची, मागणी शिक्षा सुनावण्यापूर्वीच करणे उत्तम, जरी अपिलातही ती करता येते. म्हणून हा भाग ज्याची केस अजून चालू आहे त्याच्यासाठीही आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. निकाल अनुकूल लागला तरी पोलिसांच्या नोंदीत तो आपोआप पोहोचतोच असे नाही. देशभरातील पोलीस ठाणी सीसीटीएनएस या संगणकीय जाळ्याने जोडलेली आहेत. गुन्हा दाखल झाल्याची नोंद तेथे तत्परतेने होते, पण निकालाची नोंद कित्येकदा राहून जाते. म्हणून निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढावी, संबंधित पोलीस ठाण्यात लेखी अर्जासोबत द्यावी, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी आणि आपल्या नावापुढे निकालाची नोंद करण्याची विनंती करावी. अटकेच्या वेळी घेतलेले बोटांचे ठसे, छायाचित्रे आणि इतर मोजमापे यांच्याबाबत २०२२ चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम पाहावा. या नोंदी ७५ वर्षे ठेवता येतात. परंतु पूर्वी दोषी न ठरलेली व्यक्ती खटल्याविना सुटली असेल, दोषमुक्त झाली असेल किंवा निर्दोष ठरली असेल, तर सर्व कायदेशीर उपाय संपल्यानंतर त्या नष्ट करायच्या असतात. न्यायालयाने लेखी कारणे देऊन वेगळा आदेश दिला असेल तरच त्या राहतात. माझ्या मते आपल्या मालिकेतील सर्वांत उपयोगी व्हिडिओ हाच ठरेल: नक्कल कशी काढावी, अर्ज कसा लिहावा, पोच कशी घ्यावी. त्यात नाट्य नाही, पण माणसाच्या आयुष्यात याच कागदाने फरक पडतो.

आपण सोलापूरच्या आहात, म्हणून आणखी एक विनंती. ज्या शहरात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची सेटलमेंट तारेच्या कुंपणात उभी होती, त्या शहरातून निघणाऱ्या मालिकेने विमुक्त समाजाचा प्रश्न वगळू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसांची नोंद गुन्हेगार म्हणून केली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि संशयाची सवय गेली नाही. पारधी वस्तीतील एखाद्या तरुणावर एकही गुन्हा सिद्ध झालेला नसताना त्याच्या नावाची हिस्ट्रीशीट, म्हणजे पोलिसांनी पाळत ठेवण्यासाठी केलेली नोंद, असू शकते. अशा तरुणाला एफआयआर रद्द करण्याचा व्हिडिओ काय कामाचा? त्याला ७ मे २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय माहीत असायला हवा. त्यात मागास आणि विमुक्त समाजांतील निरपराध लोकांची नावे हिस्ट्रीशीटमध्ये यांत्रिकपणे चढवली जाऊ नयेत, असे न्यायालयाने बजावले आणि सर्व राज्यांना आपली पद्धत तपासण्यास सांगितले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगांतील जातिभेदाविषयीच्या निकालात न्यायालयाने विमुक्तांच्या मनमानी अटकेबाबत पोलिसांना पुन्हा त्याच मार्गदर्शनाची आठवण दिली. हे दोन निर्णय साध्या मराठीत, आणि शक्य असेल तर पारधी भाषेतही, कोणीतरी सांगितले पाहिजेत. आपले विद्यार्थी ते करू शकतील.

प्रश्न : माझ्या मुलाला तीन वर्षांपूर्वी सार्वजनिक जागी पैसे लावून पत्ते खेळताना पकडले होते. लोकअदालतीत गुन्हा कबूल करून दंड भरला की प्रकरण कायमचे संपते, असे आम्ही एका व्हिडिओत ऐकले होते. त्याप्रमाणे केले. आता तो पोलीस भरतीत उतरला आहे आणि अर्जात ‘कधी दोषी ठरलात का’ असे विचारले आहे. व्हिडिओत सांगितले होते की ‘नाही’ लिहावे. काय करावे? (एक वडील, बीड)

उत्तर : आपल्या मुलाने ‘नाही’ लिहू नये. गुन्हा कबूल करून दंड भरणे ही दोषसिद्धीच आहे. शिक्षा दंडाची होती म्हणून तिचे स्वरूप बदलत नाही. लोकअदालतीत तडजोडीने मिटलेले प्रकरण आणि लोकअदालतीच्या दिवशी गुन्हा कबूल करून निकाली काढलेले प्रकरण यांत मोठे अंतर आहे, आणि आपण पाहिलेल्या व्हिडिओने ते अंतरच पुसून टाकले.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात या विषयावरील तत्त्वे एकत्र मांडली आहेत. दोषसिद्धी, निर्दोष मुक्तता, अटक किंवा प्रलंबित खटला यांविषयी विचारले असेल तर माहिती खरी द्यावी, काही दडवू नये. गुन्हा किरकोळ असेल, विशेषतः तरुण वयातला असेल, तर नियुक्ती करणारा अधिकारी तो नजरेआड करू शकतो. याउलट, मोठ्या गुन्ह्यापेक्षा लहान गुन्हा लपवल्यामुळे नोकरी गेलेल्या तरुणांची प्रकरणे न्यायालयांसमोर सातत्याने येतात, आणि ती पाहताना मनाला फार लागते, कारण खरे लिहिले असते तर त्यांतल्या अनेकांना संधी मिळाली असती. प्रश्न नेमका काय आहे हे मात्र शब्दशः वाचावे. जे विचारले आहे त्याचेच उत्तर द्यावे. आपल्या मुलाने ‘होय’ लिहून सोबत निकालाची नक्कल, दंडाची पावती आणि घटनेच्या वेळचे वय व परिस्थिती सांगणारे छोटे निवेदन जोडावे. अर्ज आधीच चुकीचा भरून गेला असेल, तर पडताळणी सुरू होण्यापूर्वी लेखी दुरुस्ती कळवावी. स्वतःहून केलेला खुलासा आणि पकडले गेल्यावर दिलेले स्पष्टीकरण यांकडे एकाच नजरेने पाहिले जात नाही. कबुली देताना परिणाम समजावून सांगितले गेले नव्हते असे असेल, तर अपील किंवा पुनरीक्षणाचा विचार करता येईल का, हे कागद पाहून वकीलच सांगू शकतील.

व्हिडिओ करणाऱ्या सर्वांना या पत्रावरून माझे सांगणे एवढेच आहे की ‘अर्जात काय लिहावे’ हा भाग तयार झाल्यावर तो फौजदारी काम करणाऱ्या किमान एका वकिलाला दाखवल्याशिवाय प्रसिद्ध करू नका. छपाईतील चूक पुढच्या अंकात दुरुस्त होते. मोबाइलवरून मोबाइलवर गेलेला व्हिडिओ मात्र परत बोलावता येत नाही.

प्रश्न : मी विधी महाविद्यालयात शिकतो. आमच्या गावातील एकाला वयाच्या १६ व्या वर्षी चोरीच्या प्रकरणात बाल न्याय मंडळासमोर उभे केले होते. आज तो उत्तम गवंडी आहे आणि त्याची कहाणी प्रेरणादायी आहे. त्याची मुलाखत घेऊन बालगुन्ह्याची नोंद कशी नष्ट होते हे दाखवावे, असा विचार आहे. तो तयार आहे. काही अडचण? (नाशिक)

उत्तर : विषय अगदी योग्य निवडला आहे, पण मुलाखत त्याच्या चेहऱ्याने आणि नावाने करू नये. भारतीय कायद्यात नोंद खऱ्या अर्थाने नष्ट करण्याची तरतूद कुठे असेल, तर ती मुलांसाठी आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ नुसार कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलाला त्या प्रकरणामुळे पुढे कोणतीही अपात्रता येत नाही, आणि दोषसिद्धीच्या नोंदी ठरावीक काळानंतर नष्ट करायच्या असतात. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत अपिलाची मुदत किंवा सात वर्षे असा काळ दिला आहे. अपवाद एकच: वयाची १६ वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी बाल न्यायालयात प्रौढाप्रमाणे खटला चालला आणि तो दोषी ठरला, तर हे संरक्षण मिळत नाही. याच कायद्याच्या कलम ७४ नुसार, निकाली निघालेल्या प्रकरणातील मुलाची नोंद पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठीसुद्धा उघड करायची नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय सशस्त्र पोलीस दलातील भरतीच्या एका प्रकरणात अल्पवयातील आरोप उमेदवाराच्या विरोधात वापरू दिला नाही.

कलम ७४ मुलाची ओळख उघड करण्यासही मनाई करते, आणि उल्लंघनासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तो आज प्रौढ आहे आणि राजी आहे, हे मान्य. पण विचार करा: जी नोंद राज्याने नष्ट करायची, ती आपण त्याच्या चेहऱ्यासकट इंटरनेटवर नव्याने निर्माण करणार. आज त्याला अभिमान वाटतो. उद्या त्याच्या मुलीच्या लग्नाच्या बोलणीत कोणी तो व्हिडिओ पुढे केला तर? आवाज दुसऱ्या कोणाचा वापरावा, गाव व व्यवसाय बदलावा आणि हे बदल केल्याचे प्रेक्षकाला सांगावे. घटनेपेक्षा कार्यपद्धतीवर भर दिला, म्हणजे मंडळाकडे अर्ज कोणी करायचा, परिवीक्षा अधिकाऱ्यांची भूमिका काय, वयाचा कोणता पुरावा चालतो हे दाखवले, तर व्हिडिओ त्याच्यासारख्या इतरांच्या अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : मी खटल्यातून निर्दोष सुटले, तरी माझे नाव इंटरनेटवर शोधले की निकालपत्र वर येते. ‘विसरले जाण्याचा हक्क’ मिळवून नाव काढता येते, असे व्हिडिओत सांगतात. हे खरे आहे का? (पुणे)

उत्तर : अंशतः खरे आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, त्यानंतर काही उच्च न्यायालयांनी निर्दोष सुटलेल्या व्यक्तींचे नाव निकालपत्रातून झाकण्याचे किंवा शोधयंत्रातून दिसेनासे करण्याचे आदेश दिले आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाचा एप्रिल २०२१ चा अंतरिम आदेश त्यांपैकी एक. मात्र मद्रास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलेल्या अशाच आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्थगिती दिली, कारण न्यायालयाचे निकाल हे सार्वजनिक दस्तऐवज असतात आणि ते काढायला लावण्याचे परिणाम दूरगामी आहेत. त्यामुळे ‘हक्क आहे, अर्ज करा, नाव निघेल’ असे सांगणारा व्हिडिओ वास्तवापेक्षा पुढे गेलेला आहे. आपण उच्च न्यायालयात याचिका करू शकता आणि आपल्या बाजूने बोलण्यासारखे आधार आहेत, पण निकालाची हमी कोणी देत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

प्रश्न : मी न्यू जर्सी येथे राहतो. येथील मराठी मंडळींसाठी, विशेषतः शिक्षण व नोकरीच्या व्हिसावर आलेल्या तरुणांसाठी, येथील एक्सपंजमेंटची, म्हणजे न्यायालयाकडून गुन्ह्याची नोंद पुसून घेण्याची, माहिती मराठीत द्यावी असा विचार आहे. दुकानातील किरकोळ चोरी किंवा दारू पिऊन गाडी चालवणे अशा प्रकरणांत ही मुले अडकतात.

उत्तर : माहिती जरूर द्या, परंतु पहिल्या मिनिटातच एक इशारा द्या: राज्याच्या न्यायालयाने नोंद पुसली, तरी संघराज्याच्या स्थलांतर कायद्यासाठी ती सहसा पुसली जात नाही. त्या कायद्यातील दोषसिद्धीची व्याख्या स्वतंत्र आणि बरीच व्यापक आहे. व्हिसाच्या डीएस-१६० या अर्जात अटक किंवा दोषसिद्धी झाली आहे का असा प्रश्न असतो आणि माफी किंवा तत्सम सवलत मिळाली असली तरी उत्तर देण्यास त्यात स्पष्टपणे सांगितलेले असते. शेजारच्या अमेरिकी नागरिकाने ‘नोंद गेली, आता काही सांगावे लागत नाही’ असे सांगितले, तर ते त्याच्यापुरते खरे असू शकते. व्हिसावरील मुलाने त्यावर विसंबून उत्तर दिले, तर चुकीची माहिती दिल्याचा ठपका मूळ गुन्ह्यापेक्षा महाग पडतो. शिवाय नोंद पुसण्यापूर्वी न्यायालयाच्या कागदांच्या प्रमाणित प्रती काढून घरी जपून ठेवाव्यात, हे सांगण्यास विसरू नका, कारण पुढे दूतावासाने त्या मागितल्या आणि न्यायालयाकडे त्या मिळेनाशा झाल्या, तर तो मुलगा कात्रीत सापडतो.

भारतातून परदेशी जाणाऱ्यांसाठी याला जोडूनच एक मुद्दा. पासपोर्ट अधिनियमाच्या कलम ६ नुसार फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. मात्र केवळ एफआयआर नोंदला गेला आहे आणि न्यायालयाने अद्याप दखल घेतलेली नाही, अशी स्थिती म्हणजे प्रलंबित खटला नव्हे, असे परराष्ट्र मंत्रालयाच्या २०१९ च्या सूचनांत म्हटले आहे. खटला प्रलंबित असला तरी १९९३ च्या अधिसूचनेनुसार संबंधित न्यायालयाची परवानगी घेऊन मर्यादित मुदतीचा पासपोर्ट मिळू शकतो. आखाती देशांत कामाला जाणाऱ्या कितीतरी जणांना ही वाट ठाऊक नसल्यामुळे ते दलालांच्या हाती पडतात.

प्रश्न : आम्ही तिघे नवोदित वकील आणि एक चित्रीकरण करणारा मित्र अशी चमू आहे. पहिल्या व्हिडिओखाली प्रेक्षकांनी आपापले एफआयआर क्रमांक, फोन नंबर आणि पूर्ण हकिकती लिहिल्या. त्यांना उत्तरे द्यावीत का? आमचा संपर्क क्रमांक द्यावा का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे काम मागता येत नाही, आणि माहितीच्या व्हिडिओच्या शेवटी ‘आपली केस साफ करून घेण्यासाठी संपर्क करा’ असे म्हणणे ही सरळ जाहिरात आहे. त्याऐवजी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक द्यावा. १९८७ च्या कायद्यानुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि तालुका न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते. ते कार्यालय कुठे आहे, तेथे कोणते कागद घेऊन जावेत आणि कोणाला भेटावे, एवढे दाखवणारा व्हिडिओ आपल्या संपर्क क्रमांकापेक्षा अधिक लोकांपर्यंत मदत पोहोचवेल.

प्रेक्षकांनी लिहिलेल्या हकिकती आजच लपवा किंवा काढून टाका. ज्या माणसाला आपले नाव जुन्या केसपासून सोडवायचे आहे, त्याने ते नाव, गुन्ह्याचा क्रमांक आणि गाव आपल्या व्हिडिओखाली जगासमोर लिहून ठेवले आहे. त्याला याची जाणीव नसेल, पण आपल्याला असली पाहिजे. आपली केस कोणत्या टप्प्यावर आहे हे त्याला स्वतःला पाहता येते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर प्रत्येक खटल्याला १६ अंक-अक्षरांचा सीएनआर, म्हणजे ओळख क्रमांक असतो. तो टाकून माहिती कशी काढावी हे एकदा पडद्यावर सावकाश दाखवले, तर निम्मे प्रश्न विचारण्याची गरज उरणार नाही. त्या वेळी उदाहरणादाखल कोणाचाही खरा खटला उघडून दाखवू नये. नावे व क्रमांक झाकलेले चित्र वापरावे. लैंगिक गुन्ह्यांतील पीडितेची ओळख पटेल असा कोणताही तपशील दाखवणे हा तर स्वतंत्र गुन्हाच आहे. न्यायकक्षात परवानगीशिवाय चित्रीकरण करू नये, आणि चालू खटल्यावर मत देऊ नये.

अखेरीस शीर्षकाविषयी. आपल्या दुसऱ्या व्हिडिओचे नियोजित शीर्षक ‘७ दिवसांत पोलीस रेकॉर्ड क्लीन’ असे असल्याचे पत्रात लिहिले आहे. ते कृपया बदला. पोलीस ठाण्याच्या बाहेर उभे राहून ‘ऑनलाइन नाव काढून देतो’ म्हणत पैसे घेणारा दलाल हेच शब्द वापरतो, आणि आपल्या प्रेक्षकाला त्याच्यापासून सावध करणे हे या व्हिडिओचे एक काम आहे. ‘केस संपली, पण निकालाचा कागद घेतला का?’ असे शीर्षक ठेवून पाहा.